डोंगराला पदर नसतो

"फोटोत तर वाट उजवीकडनं आहे."

माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं. बाईचा आवाज होता. मी वळले नाही. माझ्या एका हातात चिकटपट्टीचं रीळ होतं, दुसऱ्या हातात गुंडाळी केलेला एक मोठा फोटो, आणि पाऊस इतका बारीक होता की तो पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळत नव्हतं. समोर रिसॉर्टचा बोर्ड. मी दहा मिनिटं त्या बोर्डावर माझा फोटो चिकटवायचा प्रयत्न करत होते आणि ओल्या फ्लेक्सवर चिकटपट्टी काही धरत नव्हती.

"नक्की ना?" एका पुरुषाने विचारलं.

"हे काय, एवढा मोठा लावलाय समोर. उगाच लावतील का?"

बोर्डावर उगाच लावलेला तो फोटोही मीच केलेला होता. पुढचं सांगण्याआधी मी काय काम करते ते सांगायला हवं, कारण माझ्या आईलाही ते नीट सांगता येत नाही. शेजारणींनी विचारलं की ती म्हणते, "फोटोचं काहीतरी करते लोणावळ्याला."

मी धबधब्यांचे फोटो सुधारते. या कामात माझे चार पावसाळे झाले. आमचा स्टुडिओ लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानाच्या वर आहे. सकाळी खाली गूळ कढायला लागला की त्याचा वास जिन्यावरून वर येतो आणि दुपारपर्यंत पडद्यांमध्ये बसून राहतो. स्टुडिओ घारेकाकांचा. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो हे त्यांचं मूळ काम. मग आजूबाजूला हॉटेलं वाढली, बंगले भाड्याने जायला लागले, आणि प्रत्येकाला आपल्या जाहिरातीत धबधबा हवा झाला. काका धबधब्यांचे फोटो काढून आणायचे, पण संगणकावर बसायचा त्यांना कंटाळा. म्हणून मी.

कामावर घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "कमी बोलतेस का?"

मी मान हलवली.

"बरंय. हे काम न बोलणाऱ्याचंच आहे."

मी देहूरोडला राहते. बाबा तिथल्या लष्करी डेपोत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या आणि गल्लीत इंग्रजी शब्द तोंडातून गेला की मुलं हसायची. दोन्हीकडे चूक व्हायला नको म्हणून गप्प राहायची सवय लागली, ती पुढे गरज संपली तरी राहिली. काका मला मौनीबाई म्हणायचे. काऊंटरच्या मागे एक निळा पडदा होता, पडद्यामागे माझं टेबल. गिऱ्हाइकं काकांशी बोलायची, काका पडद्याकडे तोंड करून मला सांगायचे, आणि मी पडद्याखालून फोटो सरकवायचे. मला ते फार आवडायचं.

धबधब्याच्या फोटोत सर्वांत अवघड काय असतं, तर पांढरा रंग. उन्हात किंवा ढगाळ उजेडात पाणी इतकं चमकतं की कॅमेऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. तो भाग नुसता कोरा उमटतो. याला आम्ही 'जळलेला' पांढरा म्हणतो. जळलेल्या पांढऱ्यात काहीही केलं तरी पाणी परत येत नाही, कारण तिथे पाणी नोंदलंच गेलेलं नसतं. पण पुष्कळदा तो नुसता जळल्यासारखा वाटतो. हळूहळू उजेड उतरवत गेलं की त्यातून धारा दिसायला लागतात. आधी दोन-तीन राखाडी रेषा, मग त्यांच्यामधला काळा दगड, दगडाला धरून राहिलेलं नेचं, आणि कधीकधी पाण्याच्या आत पाणी. तसं झालं की मी हात थांबवून नुसती बघत बसायचे. फोटो चारपट मोठा केला की संगणकाचा पडदा सगळा पांढरा होतो आणि आपण त्यात उभे आहोत असं वाटतं, फक्त कोरडे. संध्याकाळी गाडीच्या खिडकीतून डोंगर दिसायचे तेव्हाही माझी बोटं आपोआप मांडीवर हलायची. धुकं जरा कमी, मधली रांग जरा निळी. घरी पोचेपर्यंत मी सगळा मावळ सुधारून टाकायचे.

लोकांना मात्र बहुतेक वेळा दूध हवं असतं. पाणी असं मऊ, कापसासारखं, थेंब न दिसणारं. कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ते तसं येतं. नसेल आलं तर मी करते. काका त्याला धार काढणं म्हणतात. पडद्यापलीकडून हाक यायची, "मौनीबाई, यांना दूध हवंय!" आणि गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, "नाही नाही, फोटो हवाय."

असे खूप जण आले. चिंचवडचे एक गृहस्थ आले होते, त्यांचा धबधब्यासमोरचा फोटो घेऊन. मागची सगळी गर्दी काढून टाका म्हणाले. मी मोजली होती, त्रेचाळीस माणसं होती. छत्र्या, कणसाची गाडी, एक कुत्रा. दोन दिवस लागले. फोटो त्यांनी लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला. मग काकांना म्हणाले, "थोडे परत ठेवता येतील का? एकटाच गेलो होतो असं वाटतंय." मी सात माणसं परत ठेवली आणि कुत्रा.

एक जोडपं मे महिन्यात आलेलं. त्यांच्या फोटोत मागे कोरडा कडा. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी पाणी नव्हतं, पण आम्ही होतो ना." तिचं म्हणणं मला पटलं. मी कड्यावरून पाणी सोडलं. ते सोडताना त्यांच्या केसांवर थोडे तुषारही टाकले, कारण एवढं पाणी पडत असताना केस कोरडे राहिले नसते. यालाच काका 'इमानदारीची लबाडी' म्हणायचे.

आणि एक आजी. त्यांनी जुना छापील फोटो आणला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या आणि त्यांचे यजमान कठड्याला टेकून उभे, मागे धबधबा, दोघांचीही तोंडं उघडी. "यांना काही करू नको," त्या पडद्याकडे बघूनच बोलल्या. मी आत आहे हे त्यांना कसं कळलं माहीत नाही. "मलाही काही करू नको. फक्त पाण्याचा आवाज यायला हवा."

मी आठवडाभर तो फोटो घेऊन बसले. दूध करणं चुकीचं ठरलं असतं. उलट मी थेंब शोधत गेले. पाणी जिथे दगडावर आपटत होतं तिथली धार टोकदार केली, यजमानांच्या चष्म्यावरचे शिंतोडे जपले. आजींनी फोटो हातात घेतला आणि हसल्या. "हां. आम्ही ओरडत होतो बघ एकमेकांवर. तिथं ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही."

तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. मी एकही धबधबा जवळून पाहिलेला नव्हता. बाबांना पावसाळ्यातली गर्दी आणि निसरडी वाट नको वाटायची, आणि मला विचारायची हिंमत नव्हती. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. माझा सगळा धबधबा पडद्यामागचा होता.

आता त्या फोटोकडे येते.

मळवलीच्या वरच्या अंगाला एक नवीन रिसॉर्ट झालं. नाव सांगत नाही. तिथून अर्ध्या तासाच्या चढावर एका कड्यावरून दोन धारा पडतात, एक मोठी, एक बारीक. रिसॉर्टच्या मॅनेजरने त्यांना 'ट्विन फॉल्स' असं नाव दिलं होतं. काकांनी फोटो काढून आणला. चांगला फोटो होता. डावीकडे मोठी धार, तिच्या पायाशी दगडांतून वर गेलेली पाऊलवाट, उजवीकडे बारीक धार, आणि तिच्याही पलीकडे नुसतं धुकं.

मॅनेजर स्वतः स्टुडिओत आले. "सर, जुळ्या म्हटलंय आपण, तर जुळ्या दिसायला हव्यात. दुसरी फारच बारीक आहे. जरा भरा तिला."

मी बारीक धारेत मोठीचं पाणी भरलं. म्हणजे मोठीचा एक तुकडा उचलून तिथे बसवला, कडा मऊ केल्या, दगडाचा ओलेपणा जुळवला. कुणालाही कळलं नसतं. बारीक धारेच्या बाजूला एका झुडपावर काहीतरी लाल अडकलेलं होतं. चिंधी असेल, पिशवी असेल. मी ते पुसलं. धबधब्यांवर असा कचरा नेहमीच असतो; रोजचं झाडलोटीसारखं काम ते. दोन टिचक्या, आणि तिथे हिरवं झुडूप.

मग प्रश्न आला रिसॉर्टच्या नावाचा. नाव डावीकडे हवं होतं, कारण आपण डावीकडून वाचतो, आणि डावीकडे तर मोठी धार आणि वाट, म्हणजे अक्षरांना जागाच नाही. मोकळी जागा उजवीकडे, धुक्यात. अशा वेळी फोटो उलटा करतात. आरशात दिसतो तसा. एक कळ दाबली की डावं उजवीकडे जातं.

त्याबद्दल काकांचा एक नियम होता. फोटोत माणूस असेल तर उलटा करायचा नाही. बाईचा पदर भलत्या खांद्यावर जातो, शर्टाची बटणं दुसऱ्या बाजूला जातात, आणि माणसाला नक्की काय ते सांगता आलं नाही तरी फोटो आपला वाटत नाही. सुरुवातीला एका लग्नातला फोटो मी उलटा केला होता, तर नवरीची आत्या केवढी भांडून गेली. "पण डोंगर खुशाल कर," काका म्हणाले होते. "डोंगराला पदर नसतो."

या फोटोत माणूस नव्हता. मी कळ दाबली. धुकं डावीकडे आलं, त्यावर नाव सुंदर बसलं. मॅनेजर खूश झाले. त्यांनी त्याची पत्रकं छापली आणि एक मोठा बोर्डही केला. तो बोर्ड त्यांनी कुठे लावला ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

भाताची लावणी उरकल्यानंतरचे दिवस असतील. दुपारची वेळ, बाहेर झड लागलेली, खालच्या दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून गुळाचाही वास नाही. जिन्यावर काठीचा आवाज आला. मग एक म्हातारा आवाज, धाप लागलेला.

"हितंच का वो ते फोटूचं दुकान?"

"या आबा, बसा. पासपोर्ट काढायचाय?"

"मला कशाला पासपोट. कुटं जायाचंय आता? ह्ये कुनी केलं ते इचारायला आलोय."

पडद्याला एक भोक होतं, पण मी त्यातून बघायचे नाही. त्या दिवशी बघितलं. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद खोळीसारखा घेतलेले एक आजोबा उभे होते. खिशातून पिशवी, पिशवीतून रिसॉर्टचं पत्रक काढून त्यांनी काऊंटरवर ठेवलं. नाव नामाआबा. धबधब्याजवळच डोंगरात पंधरा-वीस घरांची वाडी आहे, तिथले. रिसॉर्टच्या रखवालदाराने त्यांना आमचा पत्ता दिला होता.

"ट्विन फॉल्स," काका पत्रक बघून म्हणाले. "आमच्याकडंच झालंय हे. का, आवडलं नाही का?"

"जुळ्या म्हंत्यात म्हनं. जुळ्या कुटच्या? सवती हाईत त्या. ही थोरली आन् ही धाकटी. थोरली डाव्या अंगाला, धाकटी उजव्या. माझ्या आज्यापासनं हाईत तितं. तुमी जागा बदलली त्यांची."

काका हसले. "अहो आबा, फोटो उलटा केलाय फक्त. डोंगराला काय फरक पडतोय?"

"डोंगराला न्हाई पडत. मान्साला पडतो." आबा काऊंटरसमोरच्या स्टुलावर बसले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. शेताच्या बांधाबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. "खाली उंबर हाय, तितं वाट फुटती. एक थोरलीकडं, एक धाकटीकडं. आमच्यात ल्हान पोराला बी ठावं हाय, जायाचं तर थोरलीच्या अंगानं. ती आरडती, वरडती, पर काय करत न्हाई. धाकटी गप ऱ्हाती. बारीक दिसती. तिच्या पायाशी दगुड कसा, साबन लावल्यावानी. आन् त्याच्या खाली रांजन हाय, मानूस उबा जाईल असा, वरनं नुसता फेस. कळतच न्हाई. म्हनून आमी दर साली लाल फडकं बांदतो तिच्या झुडपाला. त्ये बी न्हाई तुमच्या फोटूत."

काका आता हसत नव्हते.

"आन् ह्यो एवडा बोरड त्या उंबराखालीच लावलाय. धुक्यात वरचं काय दिसत न्हाई. लोकं बोरड बगत्यात आन् सरळ उजव्या हाताला सुटत्यात. मी दगडावर बसून ऱ्हातो दर आयतवारी. सांगतो, बाबांनो तिकडं न्हाई. कोन ऐकतं? म्हंत्यात, आबा, फोटोत बगा ना. मागल्या आयतवारी दोन पोरी काढल्या हाताला धरून. एकीची चप्पल गेली रांजनात. चप्पलच गेली म्हनून बरं."

"आबा," काका हळू म्हणाले, "ते आम्ही मुद्दाम नाही केलं. कंप्यूटरवर होतं तसं."

"व्हय का. मग कंप्यूटरला सांगा. कुटं हाय त्यो?"

काकांची नजर पडद्याकडे गेली असणार, कारण आबाही इकडे बघायला लागले. भोकातून त्यांचा डोळा थेट माझ्या डोळ्यासमोर आला. म्हातारा, पाणावलेला, निळसर झाक असलेला.

"आत कोन हाय?"

"आमच्याकडं काम करते. लाजाळू आहे जरा."

आबा पडद्याशी बोलले. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं. "बाय, तुमी कदी आल्या व्हत्या का तितं?"

मला उत्तर माहीत होतं, आणि ते एकाच शब्दाचं होतं. मी तो शब्द उच्चारला नाही. माझा हात माउसवर होता आणि मी तोही हलवला नाही. थोड्या वेळाने काठीचा आवाज जिन्यावरून खाली गेला. पत्रक काऊंटरवरच राहिलं.

काका पडद्याकडे वळले. "नियम माझाच होता," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर म्हणाले की फोटो लोकांना फार आवडतोय, बोर्ड आत्ताच केलाय, पुढच्या सीझनला बघू. मी त्याच दुपारी मूळ फोटो काढला. धाकटीला पुन्हा बारीक ठेवलं, लाल फडकं राहू दिलं, थोरलीला डावीकडे ठेवलं. मॅनेजरना पाठवला, खाली इंग्रजीत सगळं समजावून लिहिलं. एक अंगठा आला. बाकी काही नाही. रोज संध्याकाळी गाडीतून धुकं दिसायचं, आणि माझी बोटं आता काही सुधारत नव्हती. त्या धुक्यात कुठेतरी एका मुलीची चप्पल होती.

रविवारी मी आईला म्हणाले, जादा काम आहे. बरोबर केलेला फोटो मोठा छापून, प्लॅस्टिक चढवून घेतला होता. माझी योजना सोपी होती. सकाळी लवकर जायचं, बोर्डावर तो चिकटवायचा आणि कुणाशी न बोलता परत यायचं. मळवलीला उतरले, रिसॉर्टपर्यंत रिक्षा मिळाली, मग चढ. भाताची खाचरं संपली आणि धुकं सुरू झालं. मी आयुष्यात इतक्या पांढऱ्यातून चालले नव्हते. हातभर अंतरावरचं गवत, त्याच्या टोकाचा थेंब, आणि मग काहीच नाही. इथे कुठलाही उजेड उतरवून आतलं दिसणार नव्हतं.

उंबर आला. त्याखाली बोर्ड, आणि बोर्डाशेजारी बसायचा सपाट दगड, रिकामा. गवताचा भारा घेऊन एक बाई खाली येत होती. मी दगडाकडे नुसतं बघितलं, तर तिने न विचारता सांगितलं, "आबांना ताप भरलाय. घरी हायती." आणि ती धुक्यात गेली. तिच्या पाठोपाठ पाण्याचा आवाज माझ्या लक्षात आला. तो किती वेळ येत होता कोण जाणे. एका बाजूने येत नव्हता. सगळीकडून येत होता, जमिनीतूनही.

मग चिकटपट्टी चिकटेना. ओढणीने फ्लेक्स पुसला, फुंकर घातली, तरी कोपरा धरायचा आणि सुटायचा. तोवर ते लोक आले, पाच जण, एकाच घरातले असावेत, पिंपरीकडचे वाटले. आई, वडील, दोन मुलगे, आणि पिवळ्या रेनकोटातली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी. आईच म्हणाली होती फोटोत वाट उजवीकडनं आहे म्हणून.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्याची आडकाठी नको. दुपारी मी वाडीत आबांकडे गेले. ते घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसले होते. मला त्यांनी पाहिलेलं नव्हतं, तरी म्हणाले, "तुमी पडद्यामागच्या ना?" मी हो म्हणाले. "आवाज आला मला हितवर," ते म्हणाले, "म्हनलं आज दगडावर कोन बसलं बाबा." त्यांच्या सुनेने कोरा चहा दिला. त्या पिंपरीच्या बाईंनी तिन्ही मुलांना घेऊन खाली जाऊन मॅनेजरला असं काही झापलं की दहा दिवसांत बोर्ड बदलला. आता तिथे थोरली डावीकडे आहे, धाकटी बारीक आहे, आणि रिसॉर्टचं नाव उजवीकडे धुक्यात. मॅनेजर म्हणतात, कुणाचीच काही तक्रार नाही. काकांनी नियम बदलला. डोंगर उलटा करण्याआधी तिथे जाऊन यायचं. आणि ते मलाच पाठवतात. पडदा अजून आहे, पण तो मी दिवसा बाजूला सारून ठेवते. उकडतं, असं सांगते. काम तेच आहे. आता लोकांच्या फोनमध्येच हे सगळं होतं. एक बोट फिरवलं की माणसं जातात, पाणी वाढतं, चिंधी पुसली जाते. ती कुणी आणि कशासाठी बांधली होती हे फोन विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

तर, उंबराखाली.

त्या मुलांची आई म्हणाली, "उगाच लावतील का?" आणि ते उजवीकडे वळले. मी माझा फोटो उलगडून वर धरला. पण त्यांच्या पाठी झाल्या होत्या. पुढे दोन मुलगे, मग आई-वडील, आणि सर्वांत मागे ती मुलगी, एका हाताने गवताचे तुरे ओढत. वाट तिथे चांगली रुंद आणि सपाट आहे, भीती वाटावी असं काहीच नाही. वडील दिसेनासे झाले. आई दिसेनाशी झाली. पिवळा रेनकोट फिका व्हायला लागला, कडा मऊ होत गेल्या, जसं मी करते तसं.

मी फोटो खाली घेतला, चिकटपट्टी खिशात टाकली, आणि डावा हात तिथेच राहिला. संगणकावर चूक झाली की दोन कळा एकदम दाबतात आणि शेवटची गोष्ट मागे जाते. ती सवय इतकी आहे की बोटं स्वतःहून हलतात. मी खिशात दोन बोटं दाबली. पुन्हा दाबली. पिवळा रंग आणखी फिका झाला.

मी तोंड उघडलं, "अहो" म्हणाले. माझं मलाही ऐकू आलं नाही. सगळीकडून नुसतं पाणी. आणि मला ते आजी-आजोबा आठवले, कठड्याला टेकलेले, तोंडं उघडी. तिथं ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही. फोटो हातातून पडू दिला, वाटेवर चार पावलं धावले, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता इतका मोठा आवाज काढला.

"थांबा! उजवीकडे जाऊ नका! तो फोटो उलटा आहे, मी केलाय तो उलटा!"